नव्या राज्यघटनेला अखेरची मान्यता कोणाची असावी: सभेची की मतदारांची?

लष्करकर (ग्वाल्हेर)
भारताची राज्यघटना संविधान सभेने 26 नोव्हेंबर 1949 रोजी स्वीकारली; तिच्यावर सार्वमत झाले नाही. ग्वाल्हेर तेव्हा मध्य भारत या संस्थानांच्या संघात होते आणि त्या संघाची मान्यता त्याचे राजप्रमुख, म्हणजे संघाचे प्रमुख, जिवाजीराव शिंदे यांच्या घोषणेने जाहीर झाली. सरदार पटेलांनी आदल्याच महिन्यात सभेत सांगितले होते की संस्थानांच्या बाजूने ही मान्यता राजे किंवा राजप्रमुख देतील आणि जिथे विधिमंडळ वा संविधान सभा असेल तिथे तिच्या ठरावाचा आधार घेतला जाईल. संविधान सभेवर प्रांतांचे सभासद निवडणारी 1946 ची विधिमंडळे तरी सर्वांची कुठे होती? मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींमुळे बहुसंख्य प्रौढांना त्या निवडणुकीत मतच नव्हते. माझा आक्षेप घटनेच्या मजकुरावर नाही. नवी घटना आणणाऱ्या देशाने शेवटचा निर्णय मतदारांवर सोपवावा, जसा केनियाने 2010 मध्ये सोपवला, एवढेच माझे म्हणणे आहे.

दौलतगंज (ग्वाल्हेर)
सर, 1949 साली हे मतदार आणायचे कोठून? प्रौढ मताधिकाराची हमी देणारे कलम 326 याच घटनेत आहे. जुन्या अटींवर सार्वमत घेतले असते, तर ज्यांना मत नाही त्यांच्या हक्कांचा निवाडा मत असणाऱ्यांनी केला असता. शिवाय मसुदा बंद दाराआड झाला नव्हता. तो फेब्रुवारी 1948 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर लोकांच्या सूचना आल्या, आणि डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात दिलेल्या हिशेबाप्रमाणे 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या व त्यांपैकी 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एकेका कलमावर असा खल होणे हीच मला खरी मान्यता वाटते, कारण सार्वमतात मतदाराला एकाही कलमाला हात लावता येत नाही. चिलीचे उदाहरण ताजे आहे. तिथे 388 कलमांच्या मसुद्यावर 4 सप्टेंबर 2022 रोजी ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ एवढेच विचारले गेले आणि सुमारे 62 टक्के मतदारांनी तो अमान्य केला. कोणाला आदिवासींविषयीची तरतूद नको होती, कोणाला सिनेट रद्द होणे पटत नव्हते, कोणाचा रोष केवळ सरकारवर होता. हे सारे एकाच गठ्ठ्यात मोजले गेले. पुढच्या वर्षी उजव्या पक्षांच्या वर्चस्वाखाली तयार झालेला दुसरा मसुदाही पडला आणि लष्करी राजवटीत आलेली 1980 ची घटना, पुष्कळ दुरुस्त्यांसह का होईना, कायम राहिली.

लष्करकर (ग्वाल्हेर)
मतदारयादीचे काम 1948 मध्येच सुरू झाले होते आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत 17 कोटींहून अधिक नावे नोंदली गेली. तेव्हा थांबणे अवघड होते, अशक्य नव्हते. संविधान सभेचे सभासद दामोदर स्वरूप सेठ यांनी तर सभेतच मागणी केली होती की प्रौढ मताधिकाराने नवी सभा निवडून येईपर्यंत मसुद्याचा विचार पुढे ढकलावा. ती मान्य झाली नाही. त्यानंतर हंगामी संसद म्हणून बसलेल्या त्याच सभेने पहिली निवडणूक होण्याआधीच, जून 1951 मध्ये, घटनेत पहिली दुरुस्ती केली आणि भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांची कक्षा वाढवली. लोकांनी थेट कौल दिलेल्या मजकुराला इतक्या लवकर हात लावताना तिला निदान संकोच वाटला असता.

मुरार (ग्वाल्हेर)
त्याच दुरुस्तीने जमीनदारी निर्मूलनाचे कायदे वाचवले, हेही लिहावे. आपल्या भागातल्या कुळांनी संकोचापेक्षा जमीनच मागितली असती.

छत्रीबाग (इंदूर)
आपण दोघेही मधली वाट सोडून बोलत आहात. अमेरिकेची 1787 ची घटना विधिमंडळांपुढे नव्हे, तर खास तेवढ्यासाठी प्रत्येक राज्यात निवडलेल्या सभांपुढे ठेवली गेली आणि 13 पैकी 9 राज्यांची संमती पुरेशी ठरली. मॅसॅच्युसेट्समध्ये ती 187 विरुद्ध 168 मतांनी जेमतेम तरली, तीही दुरुस्त्यांची शिफारस जोडून. अशाच शिफारशींतून पुढे 1791 च्या पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या. ऱ्होड आयलंडने मात्र थेट लोकमत घेतले. समर्थकांनी बहिष्कार घातला, घटना प्रचंड फरकाने फेटाळली गेली, आणि 1790 मध्ये सभा भरवून 34 विरुद्ध 32 मतांनी तेच राज्य संघात आले. त्या काळी जवळजवळ सर्व स्त्रियांना आणि गुलामांना मतच नव्हते, त्यामुळे या पद्धतीचा गौरव करण्याचा माझा हेतू नाही. पण मान्यतेसाठीच निवडलेल्या सभेत ‘होय, परंतु’ म्हणता येते.

दौलतगंज (ग्वाल्हेर)
ही सूचना मला पुष्कळशी पटते. मात्र अशा सभेने ‘नाही’ म्हटले तर त्या दिवसापासून कोणता कायदा चालू राहणार, हे आधी ठरलेले हवे. भारतात 1949 साली तो 1935 चा ब्रिटिश कायदाच राहिला असता.

लष्करकर (ग्वाल्हेर)
मग ‘नाही’ आले तर त्याच मतदारांनी ठराविक मुदतीत दुसरी सभा निवडावी, ही तरतूद मान्यतेच्या ठरावातच घालता येईल. तोवर जुना कायदा चालेल, हे मला मान्य आहे. मुदत किती असावी, यावर आपले मत वाचायला आवडेल.