बंड्या नर की मादी? पाणकासव कसं ओळखायचं?

भांडुपकरीण

नमस्कार. मुलगा बालवाडीत असताना, म्हणजे पाच वर्षांपूर्वी, क्रॉफर्ड मार्केटमधून कासवाची दोन पिल्लं आणली. डोळ्यामागे लाल पट्टा असतो ती, रेड इअर्ड स्लायडर. दोन्ही तेव्हा माझ्या एका तळहातावर मावायची. दुकानदाराने "जोडी आहे" सांगून दिली आणि मुलाने नावं ठेवली बंड्या आणि ठकी.

आता झालंय असं की बंड्या वाढून दांडगा झालाय आणि ठकी मागेच राहिली. काल कंपासमधल्या पट्टीने मोजलं. बंड्याची पाठ 19 सेंटिमीटर, ठकीची जेमतेम 12. ठकीची पुढच्या पायांची नखं मात्र केवढी वाढलीत! बंड्याच्या तोंडासमोर येऊन उलटी पोहते, दोन्ही पाय पुढे ताणते आणि नखं थरथरवते. मुलगा म्हणतो ती गुदगुल्या करते. सासूबाई म्हणतात नखं कापा, डोळ्याला लागतील. कापावीत का?

बंड्या आठवडाभर नीट खात नाहीये. सारखी टाकीतून बाहेर यायची धडपड, नाहीतर दगडावर चढून मागच्या पायांनी खरवडत बसतो. मे महिन्याचा उकाडा आहे, त्यामुळे असेल. मला मुख्य विचारायचं ते हे, की नर-मादी घरच्या घरी कसं ओळखायचं?

ठाणेकर

पालथं करून पोट बघा. खोलगट असेल तर नर, सपाट असेल तर मादी. माझ्या मित्राने त्याच्या कासवाचं असंच ओळखलं होतं.

गॅलरीतलं कासव

ठाणेकर, ती खूण जमिनीवरच्या कासवांत चांगली दिसते. मित्राचं स्टार कासव असेल तर त्याला सांगा, ते घरात ठेवायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. स्लायडरमध्ये पोटाचा फरक इतका थोडा असतो की त्यावर विसंबू नये.

ताई, तुमची नावं उलटी पडलीत. लांब नखं, लहान अंग आणि ते थरथरवणं, ठकी नर आहे. नुसतं थरथरवणं पिल्लंही करतात, म्हणून एकट्या त्या खुणेवर मी जात नाही, पण इथे तिन्ही जुळतायत. नखं अजिबात कापू नका. नराची ती असतातच तशी. खात्रीसाठी शेपटी बघा. नराची शेपटी मुळाशी जाड आणि लांब, आणि शीचं भोक कवचाच्या कडेच्या बाहेर, शेपटीच्या टोकाकडे सरकलेलं. मादीची शेपटी आखूड आणि ते भोक कवचाच्या कडेपाशीच. उलटं करू नका, विशेषतः बंड्याला. दोन्ही हातांनी आडवं धरून डोळ्यांच्या रेषेत आणा आणि खालून बघा. नंतर हात साबणाने धुवा, मुलाचेही. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

आता मला खरं बोलायचंय ते तुम्ही शेवटी लिहिलंत त्यावर. खाणं बंद, बाहेर यायची धडपड, मागच्या पायांनी खरवडणं. हे उकाड्याचं नाही. बंड्या मादी असेल तर ती अंडी घालायला जागा शोधतेय.

गिरगावच्या चाळीत, गॅलरीतल्या टाकीत माझ्याकडे अकरा वर्षं एक कासव होतं. शंभू. विकणाऱ्याने नर म्हणून दिला, मीही तेच धरून चाललो. शेवटच्या उन्हाळ्यात शंभू असाच काचेवर मागचे पाय घासायचा. रात्री त्या आवाजाने जाग यायची. मला वाटलं पोट साफ होत नाहीये. कोमट पाण्यात बसवणं, पालक, काकडी, यात मी तीन आठवडे घालवले. एक्स-रे काढला तेव्हा आत अंडी दिसली, पांढऱ्या पातळ कडांची, एकमेकांना चिकटून. मी मोजली, अकरा. चौथ्या दिवशी शंभू गेला. घरात दुसरं कासवच नव्हतं, त्यामुळे अंड्यांचा विचारही मनात आला नाही. नर नसला तरी मादी अंडी घालते, आणि जागा मिळाली नाही तर ती आत अडकू शकतात, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

म्हणून आजच डॉक्टरांना दाखवा. परळच्या बैलघोड्यात, म्हणजे तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात, फोन करून कासव बघणारे डॉक्टर कधी असतात ते विचारा, नाहीतर जवळपास कासवं तपासणारं कोणी गाठा. "अंडी आहेत का" हे शब्द वापरून एक्स-रे मागा. ठकीला वेगळ्या टबात ठेवा.

भांडुपकरीण

पाहिलं. बंड्याचं भोक अगदी कवचाच्या काठाशी आहे. ठकीचं बरंच बाहेर. हात कापतायत माझे. परळला फोन लावलाय, संध्याकाळी चार वाजता बोलावलंय.

वसईवाला

गॅलरीवाले काका म्हणतात ते बरोबर. डॉक्टर "वाट बघा" म्हणाले तर असं करा. बंड्या आत आरामात वळू शकेल असा मोठा टब घ्या. वाळू आणि साधी माती समसमान, वीतभर तरी खोल. मुठीत दाबली की लाडू व्हावा, पण पाणी गळू नये इतकी ओली. शांत कोपऱ्यात ठेवून बंड्याला त्यात सोडा आणि डोकावू नका. कोणी बघतंय कळलं की अर्ध्यावर सोडून निघतात. मुलाला तेवढा वेळ शेजारी पाठवा.

दुकानदाराच्या "जोडी"वर कोणीच विश्वास ठेवू नये. या कासवांत नर-मादी अंडं ज्या उष्णतेत उबतं त्यावर ठरतं. 26-27 अंशांच्या आसपास बहुतेक नर, 31 च्या आसपास बहुतेक माद्या. आणि पाठ 10 सेंटिमीटरच्या आसपास होईपर्यंत बाहेरून काही कळत नाही. तेवढ्याशा पिल्लात तो काय बघणार!

अंडी आली तर उबवू नका, आल्या दिवशीच फ्रीजरमध्ये टाका. नर सोबत होता, पिल्लं निघू शकतात. पवईत किंवा देवळाच्या तळ्यात सोडू म्हणाल तर तेही नको. हे अमेरिकेतलं कासव, आपल्या तळ्यात ते इथल्या कासवांची जागा आणि खाणं बळकावतं.

भांडुपकरीण

तीन दिवसांनी लिहितेय. एक्स-रेत नऊ अंडी. आकार ठीक आहे, कुठे मोडलेलं नाही, म्हणून डॉक्टरांनी दोन दिवस द्या म्हटलं. बाथरूममध्ये टब ठेवला, दिवा बंद, आम्ही सगळे शेजारच्या वहिनींकडे. काल पहाटे माती एका कोपऱ्यात थापून सपाट केलेली दिसली. बोटांनी उकरली. लांबट, पांढरी, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. सात. दोन अजून आत आहेत. आज सकाळी तिने दोन कोळंब्या खाल्ल्या.

गॅलरीतलं कासव

खाल्लं हे वाचून फार बरं वाटलं, ताई. उरलेली एखाद-दोन दिवसांनीही येतात, टब हलवू नका, माती तेवढी ओली ठेवा. पण उद्या एक्स-रे पुन्हा काढाच.