मदत हवी आहे : थिबा राजा आणि मंडालेचा पाडाव

नमस्कार मंडळी. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं जातं. जांभ्या दगडाची ती इमारत, रंगीत काचांच्या अर्धगोल खिडक्या, समोरची भाट्याची खाडी. पण ब्रह्मदेशाचा हा पदच्युत राजा नजरकैदेत तिथवर आला कसा, हे बहुतेक लेखांत दोन ओळींत संपतं. मला बारावीच्या मुलांसमोर नेमकं तेच मांडायचंय.

ब्रह्मदेशात सागवान तोडणाऱ्या बॉम्बे बर्मा या इंग्रज कंपनीने सागाचा हिशेब लपवला, असा ठपका ठेवून थिबाच्या दरबाराने जबर दंड ठोठावला. फ्रेंचांशी जवळीक इंग्रजांना आधीच खुपत होतीच. नोव्हेंबर १८८५ मध्ये इरावती नदीतून इंग्रजांच्या आगबोटी वर गेल्या आणि पंधरवड्यात राजधानी मंडाले पडलं. राजा-राणीला बैलगाडीत बसवून, रडणाऱ्या प्रजेदेखत नदीवर नेलं. १ जानेवारी १८८६ ला राज्य खालसा! पुढे मंडालेच्या राजवाड्याच्या दालनांत गोऱ्यांचा क्लब भरू लागला. हे वाचताना आजही संताप येतो.

माझी अडचण पुढची आहे. दुसरा एखादा राजपुत्र गादीवर बसवून मांडलिक राज्य ठेवता आलं असतं, आपल्याकडे तर संस्थानं ठेवलीच होती. मग व्हाइसरॉय डफरिनने राजेशाहीच का मोडली? आणि त्यानंतर गावोगावी जो सशस्त्र प्रतिकार झाला, त्यावर मराठीत काही आहे का? थिबाच्या तनख्याचा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात कुणी पाहिला असेल, तर कोणत्या खात्याच्या दप्तरात शोधू, तेही सांगा. रत्नागिरीकरांनी जरूर लिहावं.