शेताला तार, देशाला भिंत : डोक्यात गेलेली एक पोस्ट

वाघूरकाठचा
काल तालुक्याच्या ग्रुपवर एका दादांनी टाकलं, "शेताला तार नाही तर डुकरं, देशाला भिंत नाही तर घुसखोर. पटत नसेल त्याने बिनतारेचा मका पेरून दाखवावा." खाली अंगठ्यांची रांग. तिथे तोंड उघडलं असतं तर साडूपासून सरपंचापर्यंत सगळे अंगावर आले असते, म्हणून इथे लिहितोय.

दादा, भिंतीचा हिशोब बघायला बर्लिनला जायला नको. रावेर ओलांडलं की बऱ्हाणपूर. मिठावरचा कर बुडू नये म्हणून इंग्रजांनी देशाच्या पोटातून नाकेबंदी ओढली होती. 1869 साली ती सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे 3,700 किलोमीटर होती, पहाऱ्याला जवळपास 12 हजार माणसं. तिच्यावरचं काटेरी कुंपण बऱ्हाणपूरपर्यंत यायचं. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग. ते वाढवायला जीव लावणारा अधिकारी कोण, तर ॲलन ह्यूम, 1885 ला काँग्रेस काढणाऱ्यांतला! मीठ थांबलं का? पोती वरून फेकली जायची, पहारेकरी खिसे भरायचे. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंचा मिठावरचा कर बराच सारखा केला, राजस्थानातल्या सांभर सरोवराचं मीठ सरकारने ताब्यात घेतलं, आणि 1879 ला सगळं गुंडाळलं. भावातला फरक गेला तशी भिंतीची गरजही गेली.

आणि फरक असला की काय होतं ते नवापूरला बघा. स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. दारूबंदी एकाच बाजूला. पुढचं मी सांगायला नको.

फौजी पाचोरेकर
मिठाच्या गोष्टी सांगू नका. मी बंगालच्या सीमेवर नोकरी केली आहे. तार नव्हती त्या पट्ट्यात रात्री गुरं जायची, सकाळी म्हातारी गोठ्यासमोर रडत बसलेली. तार आल्यावर ते पुष्कळ कमी झालं. बांगलादेशची सीमा 4,096 किलोमीटर आहे, मध्ये नद्या, चर म्हणजे नदीतली वाळूची बेटं, माणसाएवढा ताग. तिथे धुक्यात उभं राहून दाखवा, मग करवंदाचं कुंपण शिकवा. घुसखोरीविरुद्धच्या आंदोलनानंतर झालेल्या आसाम करारातही 1985 सालीच तार लिहिलेली आहे. ती काही हौस म्हणून नाही मागितली लोकांनी.

वाघूरकाठचा
बापू, तुमच्या नोकरीबद्दल आदरच आहे. पण ती तार सीमारेषेवर नाही, बऱ्याच ठिकाणी 150 यार्ड आत आहे. म्हणजे आपल्याच माणसांची शेतं, कुठे घरंसुद्धा तारेपलीकडे. बरोबर ना?

मकावाला
यार्ड सोडा भो. माझ्या शेजाऱ्याने दीड फूट बांध कोरला. मोजणीचे पैसे भरून आठ महिने झाले, अजून कोणी फिरकलं नाही. देशाची सीमा मोजता येते, गट नंबर मोजता येत नाही?

तापीकाठ
बांध कोरणाऱ्याचं काय करायचं ते मला विचारा. आमच्या आजोबांपासून केस चालू आहे. दोन एकरांचं वावर, वकिलांना तीन एकरांचे पैसे गेले. आता दोन्ही घरांत बोलणं नाही, लग्नपत्रिकासुद्धा पोस्टाने येते, गल्ली एकच असून!

मकावाला
त्यात वर डुकरं. तारेला विजेचा झटका देणारं झटका मशीन बसवलं तर बॅटरी चोरीला. त्या पोस्टमधला दादा चुकीचं काय बोलला? तार लावल्यावरच माझा मका वाचला.

मास्तर, नंदुरबार
मका वाचला, ठीक. आता माणसांचं बोलू. आमच्या धडगाव-अक्कलकुव्याकडून दरवर्षी दिवाळीनंतर जोड्या ऊसतोडीला गुजरातेत जातात. वर्गात निम्मे बाक रिकामे. होळीला बरीच परततात, काही पावसाच्या तोंडाला. उद्या नवापूरला भिंत घाला आणि आत शिरायला दलालाला वीस हजार लावा. कोण परत येईल? तिथेच झोपडं टाकतील, बायकापोरं बोलावतील. मेक्सिकोचे मजूर पूर्वी असेच हंगामाला येऊन जायचे. 1990 नंतर अमेरिकेने सीमेवरच्या सॅन दिएगोसारख्या जागा आवळल्या, तशी वाट वाळवंटातून गेली, माणसं तहानेने मेली. जे पोचले ते परत जायला घाबरले. येणारे अडवायला निघाले आणि जाणारे अडवून बसले.

फौजी पाचोरेकर
मास्तर, ऊसतोड आणि घुसखोरी एक करू नका! राज्याची हद्द वेगळी, देशाची वेगळी. उद्या म्हणाल पाकिस्तानची तारही काढा.

मास्तर, नंदुरबार
असं मी कुठे म्हटलं? वाचायचं नसेल तर पाठ्यपुस्तक पाठवतो, त्यात चित्रं आहेत.

फौजी पाचोरेकर
तोंड सांभाळा. बदलीसाठी चकरा मारणाऱ्यांनी सीमा शिकवू नये.

भालोदची लेक
भांडा तुम्ही. मला गावकुसाचं सांगायचं आहे. पेंढाऱ्यांच्या भीतीने बांधलं असं गावात सांगतात. आमची वस्ती त्याच्या बाहेर. पेंढारी आले असते तर पहिले आम्हीच सापडलो असतो, त्याचा विचार बांधणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. कूस कधीच पडलं, माती लोकांनी घरं लिंपायला नेली. पण माझ्या आईला उन्हाळ्यात आतल्या विहिरीवर हंडा घेऊन लांब उभं राहावं लागायचं. दगड एकही नव्हता मध्ये. बर्लिनची भिंत 1961 ते 1989, अठ्ठावीस वर्षांत आटोपली. भाग्यवान म्हणायचे.

तापीकाठ
ताई, हा वेगळा विषय झाला.

भालोदची लेक
तुमच्या बांधाच्या केसपेक्षा वेगळा नाही, दादा.

फौजी पाचोरेकर
ताईंचं वाचून एक आठवलं, म्हणून सांगतो. आमच्या गेटवर एक शेतकरी यायचा. ओळखपत्र जमा करायचं, पलीकडे स्वतःच्याच धानात जायचं, गेट बंद व्हायच्या आत परत. एकदा त्याचा बैल पलीकडे बसला, उठेना. वेळ संपली. तो गेटपाशी उभा राहून नुसता बघत होता. मी नियमाप्रमाणे कुलूप लावलं. चूक केली असं म्हणत नाही. पण तो माणूस आपलाच होता, एवढं लिहून ठेवतो. तार लागतेच, हे माझं मत कायम आहे.

मकावाला
वाघूरकाठचे पाहुणे गप्प का? तुमच्या केळीला तार आहे की नाही, खरं सांगा.

वाघूरकाठचा
आहे. झटक्यासकट.

मकावाला
हा घ्या! तुम्हनं बी खरं शे, आमनं बी खरं शे.

वाघूरकाठचा
डुकरं गेली कुठे ते विचार ना. माझ्या तारेवरून वळली आणि चुलतभावाच्या मक्यात शिरली. आता तो तार घेतोय, मग त्याच्या पलीकडचा घेईल. 2015 ला हंगेरीने सर्बियाच्या बाजूला कुंपण घातलं, युरोपात निघालेले निर्वासित क्रोएशियाकडून आले. महिन्याभरात तेही बंद केलं, मग रांगा स्लोव्हेनियात. हंगेरीकडे येणारे कमी झाले, हे बापूंच्या बाजूने धरा, देऊन टाकलं. माझा चुलतभाऊ मात्र पोळ्यापासून बोलत नाही.

तापीकाठ
मोजणी करून घ्या लवकर. आमचंही असंच सुरू झालं होतं.

मकावाला
आणि चुलतभावाला तार कुठून घेतली ते विचारा. मला अजून चार बंडल लागतात.