पुष्करच्या मेळ्यातला उंटबाजार वाचवायचा असेल तर पर्यटन खात्याने बाजूला व्हावं का?

अरवलीकर (धागाकर्ता)
नोकरीनिमित्त अजमेरला राहतो. पुष्करचा कार्तिकी मेळा दरवर्षी बघतो. माझं मत स्पष्ट आहे: पर्यटन खात्याने रंगमंचावरचा खर्च थांबवून तो पैसा पशुबाजारावर लावावा.

बाहेरच्यांना मेळा म्हणजे एकादशी ते पौर्णिमा एवढाच ठाऊक असतो. उंटांचा बाजार मात्र दिवाळी सरली की भरायला लागतो. उंट पाळणाऱ्या रायका-रेबारी समाजाची मंडळी कळप घेऊन येतात आणि सौदे उरकतात. मिशांची स्पर्धा, मटकाफोड वगैरे रंगात येते, तोवर बरेचसे पशुपालक परतीच्या वाटेला लागलेले असतात. सौदा बघण्यासारखा असतो. गिऱ्हाईक उंटाचा ओठ वर करून दात बघतो, त्याला बसवून उठवतो, मग चार पावलं चालवून पायात खोट आहे का ते पाहतो. एवढा वेळ मालकाचा एक हात जनावराच्या मानेवर असतो. या माणसाला हवं काय, तर पाणी, चारा, सावली, गुरांचा डॉक्टर. मैदानाभोवती तंबूंची आलिशान हॉटेलं वाढली आणि कळपांची जागा आक्रसली.

निगडी_प्राधिकरण
पर्यटकांवर राग काढून काय साधणार? २०१२ च्या पशुगणनेत राजस्थानात सव्वातीन लाखांवर उंट होते, २०१९ मध्ये २ लाख १३ हजारांच्या आसपास. हे काही पर्यटकांना आकाशात फिरवणाऱ्या गरम हवेच्या फुग्यांमुळे झालं नाही. ट्रॅक्टर आणि पिकअप आले, गायरानं गेली. त्यावर २०१४ मध्ये उंट राज्यपशू झाला आणि २०१५ च्या कायद्याने परवान्याशिवाय तो राज्याबाहेर नेणं बंद झालं. रायका पूर्वापार मादी राखतात आणि नर विकतात. मेळ्यातली कमाई ती नराचीच. बाहेरचं गिऱ्हाईकच तुटलं तर कितीही पाणी-चारा द्या, भाव पडणारच.

तापीकाठ
मी शहाद्याचा. आमच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो, मारवाडी घोडेही येतात. चेतक फेस्टिव्हल सुरू झाल्यावर गर्दी वाढली, रस्ते-दिवे सुधारले, गावातल्या चहावाल्यापासून खोगीर विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या हाताला काम आलं. घोड्याला हौशी गिऱ्हाईक आहे म्हणून बाजार टिकला. पुष्करलाही आता घोड्यांचीच चलती आहे म्हणतात. तेव्हा अरवलीकर, पर्यटन हटवा ही मागणी मला पटत नाही.

अरवलीकर
तापीकाठ, घोडा हौसेचा आहे, उंट पोटाचा. हौशी माणूस मेळ्यात येऊन फोटो काढेल, पण उंट विकत घेऊन ठेवेल कुठे? बाडमेरकडे लुणी नदीच्या पात्रात तिलवाड्याचा मल्लिनाथ मेळा भरतो. तिथे आजही जनावर हाच मेळ्याचा प्राण आहे. जैसलमेरचा मरु महोत्सव पर्यटकांसाठीच उभा केलेला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुष्करचा तसा मरु महोत्सव होऊ नये, एवढंच म्हणतोय.

कार्तिकस्नान
तिघेही यात्रेकरूला विसरलात! पौर्णिमेला सरोवराच्या घाटांवर लोटणारी गर्दी ना उंट घ्यायला येते, ना फुगे बघायला. खेड्यातल्या बायका स्नान करून ब्रह्माचं दर्शन घेतात, मग बाजारात बांगड्या, लोखंडी तवे, ओढण्या घेतात. मेळा त्यांच्या जिवावर उभा आहे. खर्च करायचाच तर आधी घाटांवर स्वच्छतागृहं आणि कपडे बदलायला आडोसा करा.

मुक्या_जिवांसाठी
निगडीकर, कायदा सैल केला तर नर उंट कत्तलखान्याकडेच जातील. ते रोखायलाच कायदा आणला होता. भाव मिळावा म्हणून ही वाट मोकळी करायला माझा ठाम विरोध आहे.

निगडी_प्राधिकरण
कत्तलीवरची बंदी राहू द्या ना, ती रायकांच्या परंपरेतही बसते. माझा आक्षेप वाहतुकीच्या जाचावर आहे. सरकार पिल्लामागे आर्थिक मदत जाहीर करतं, पण वाढलेल्या नराला गिऱ्हाईक नाही. शेती, गाडी किंवा दुग्धव्यवसायासाठी नेणाऱ्याचे कागद तपासून परवाना मेळ्याच्या मैदानातच, त्याच दिवशी द्या.

मुक्या_जिवांसाठी
आणि सीमा ओलांडल्यावर तो उंट खरंच शेतावर पोचला का, हे कोण बघणार? याचं उत्तर मिळेपर्यंत माझा विरोध कायम.

अरवलीकर
कानात बिल्ला मारा, घेणाऱ्याकडून अनामत घ्या, आणि सहा महिन्यांनी तिथल्या पशुवैद्यकाचा दाखला आला तरच ती परत करा. रंगमंचाचा खर्च इथे लावा.