फिश फाइंडरवर मधेच दिसणारा पट्टा मासळीचा की कशाचा? मदत हवी आहे

हर्णै बंदरासमोर (रत्नागिरी) १२ वाव (एक वाव म्हणजे सुमारे ६ फूट) पाण्यात मासळी मारतो. फिश फाइंडर म्हणजे आवाजाच्या लहरी सोडून पाण्याखालचं पडद्यावर दाखवणारं यंत्र. २८ फुटी फायबर होडी, आउटबोर्ड इंजिन, ट्रान्सड्यूसर (त्या लहरी सोडणारा आणि परत घेणारा भाग) मागच्या फळीला. तळाची रेघ समजते: चिखलावर बारीक, खडपावर जाड आणि खाली तिचीच दुसरी सावली. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

सकाळी ६-७ वावांवर निळसर, कापूस पिंजल्यासारखा सलग पट्टा येतो. मासा असला की दिसते तशी कमान एकही नाही. दोनदा त्याच खोलीवर सुरमईचं जाळं सोडलं, हाती आली फक्त जेलीफिश, आणि हाताची खाज अजून गेली नाही.

इंजिन बंद केलं तर पडद्यावरच्या उभ्या रेघा जातात, पट्टा राहतो. गेन (यंत्राची संवेदनशीलता) ८० वरून ६० वर आणला की पातळ होतो, पुसला जात नाही. लहरींची वारंवारता २०० किलोहर्ट्झ ठेवली की ठळक, ५० वर जवळजवळ गायब. फिश आयडी (पडद्यावर माशाचं चिन्ह दाखवणारी सोय) बंदच ठेवलंय, ते कचऱ्यालाही मासा म्हणतं. यंत्र साधं आहे, साइड स्कॅन (होडीच्या बाजूंचं दाखवणारी सोय) नाही, नवीन घेणं सध्या जमणार नाही.

५० वर गायब होतो म्हणजे जेलीफिश किंवा प्लँक्टनच धरायचं का? की बारीक मासळीचा थवाही असाच दिसतो? आणि जाळं सोडण्याआधी हे दोन वेगळे कसे ओळखता?