आजीच्या ट्रंकेत सापडलेला ‘चर्च मिशनरी ग्लीनर’ : हे नक्की काय आहे?

शरणपूररोडवाला:
नमस्कार मंडळी. नाशिकचं घर आवरताना आजीच्या ट्रंकेत, उपासना संगीताच्या वह्यांखाली, एक बांधीव इंग्रजी पुस्तक निघालं. पाठीचं कातडं सुटलंय आणि पहिली काही पानं वाळवीनं फस्त केलीत. वर ‘चर्च मिशनरी ग्लीनर’, साल १८७४. आत लाकडी ठशांची चित्रं आहेत आणि दोन-तीन ठिकाणी नाशिकचं नाव, तेही डबल ‘एस’ घालून. हा ‘ज्ञानोदय’ या जुन्या मराठी ख्रिस्ती नियतकालिकाचा इंग्रजी भाऊ का? काका म्हणतात रद्दीत घाल. एक जुन्या पुस्तकांचा दुकानदार तीनशे द्यायला तयार आहे.

जीर्णपान:
तीनशेला देऊ नका हो! आणि कृपा करून चिकटपट्टी लावू नका.

‘ज्ञानोदया’शी याचं नातं नाही. तो १८४२ साली अहमदनगरला निघाला, अमेरिकन मराठी मिशनचा. ती मंडळी बिशप न मानणारी. तुमच्या हातातलं मासिक लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचं, म्हणजे अँग्लिकन, बिशप मानणाऱ्या इंग्लंडच्या चर्चचं. आपल्याकडे मिशनरी म्हटला की सगळे एकाच पोत्यात, म्हणून आधी हे सांगितलं.

ग्लीनर म्हणजे सरवा वेचणारा. बायबलातल्या रूथच्या गोष्टीतला तोच सरवा. सोसायटीचं छापखान्याचं खटलं मोठं होतं. जोसाया प्रॅटनी १८१३ला ‘मिशनरी रजिस्टर’ काढलं. १८४९पासून ‘इंटेलिजन्सर’, त्यात लांबलचक अहवाल नि नकाशे, पाद्र्यांनी चष्मा लावून वाचायचं. पोरांसाठी ‘ज्युवेनाइल इन्स्ट्रक्टर’. आणि १८४१चा ‘ग्लीनर’ साध्या घरांसाठी, चित्रं घालून. मधे तो थंडावला होता. युजीन स्टॉक १८७३ला संपादनाच्या कामावर आले आणि त्यांनी १८७४ला त्याला पुन्हा उभं केलं. म्हणजे तुमच्याकडचं पुस्तक नव्या मालेच्या पहिल्या वर्षाचं.

आता वाचायचं कसं, ते सांगतो. त्याच काळात इंग्लंडात ‘चर्च टाइम्स’सारखी साप्ताहिकं जोरात होती. कागदावरचा कर १८६१ला उठला, १८६३ला जॉर्ज पामरनी एका पेनीत हे पत्र सुरू केलं. वेदीवर मेणबत्त्या लावाव्या की नाही, पाद्र्यानं कुठला झगा घालावा, यावर तिथे रण माजायचं. ती पत्रं भांडणावर जगत, मिशनची मासिकं वर्गणीवर. वाचून झाल्यावर बाईंनी दानपेटीत नाणं टाकावं, यासाठीच प्रत्येक मजकूर बेतलेला. त्यामुळे तिथे नाशिक नेहमी ‘अंधारातून उजेडाकडे’ चाललेलं दिसेल. पाद्र्याचं नाव, हुद्दा, तब्येतीची हकीकत सगळं येईल. पण बाकड्यावर बसलेला आपला माणूस बहुतेक वेळा ‘एक नेटिव्ह’ असतो.

एक अपवाद शोधा : जेकब वेनराइट. गुलामांच्या जहाजातून सोडवलेली आफ्रिकन पोरं नाशिकच्या शरणपूरला सोसायटीच्या आश्रयाखाली वाढली, त्यांतला हा. आफ्रिकेत भटकणारे मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३च्या मे महिन्यात तिथेच वारले, तेव्हा झाडावर त्यांचं नाव कोरलं ते यानं. पुढे शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला, आणि १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत पेटीच्या मानकऱ्यांत उभा होता. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

नगरी_टाइप:
आमचा ‘ज्ञानोदय’ही वर्गणी मागायचाच की, उगाच सोवळं नको. पण तो मराठीत मागायचा. १९१२पासून ना. वा. टिळक त्याचा मराठी भाग बघत. लंडनच्या बाईला आवडेल म्हणून त्यांना लिहायचं नव्हतं, हा फरक मोठा.

शरणपूररोडवाले, पानं उन्हात वाळवू नका. सावलीत, वाऱ्यावर ठेवा आणि फ्लॅश न मारता फोटो काढा.

जीर्णपान:
मान्य. टिळकांचा मुद्दा बिनतोड.

शरणपूररोडवाला:
रविवारी सगळी पानं उलटली. नाशिकच्या मजकुराशेजारी समासात पेन्सिलीनं चार ओळी खरडल्यात. मला वाटलं वाळवीच्या रेघा, पण आई म्हणते मोडी आहे. पहिल्या ओळीशेवटी बहुतेक ‘खोटे’ असं काहीतरी. फोटो टाकतो. मोडी वाचणारं इथे कोणी आहे का?