मदत हवी आहे : मेसोपोटेमियात वारलेल्या पणजोबांच्या भावाची नोंद कुठे सापडेल?

माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला', म्हणजे मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले ते परतलेच नाहीत. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. ते मराठा पलटणीत होते आणि तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडले, असं घरात सगळे सांगत आले आहेत. म्हणून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि नावं सांभाळणारा आयोग) याच्या यादीत १०३, ११० आणि ११७ या कूतमधल्या मराठा पलटणी पालथ्या घातल्या. २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर तुर्कांनी कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात पुष्कळ जण वाटेतच गेले. म्हणून पुढच्या दोन वर्षांतल्या नोंदीही पाहिल्या. नाव नाही.

हातात आहे ते एक पदक. एका बाजूला राजाचं डोकं, दुसरीकडे घोड्यावर उघडा माणूस. देवघरात असतं आणि दर दसऱ्याला चिंचेने घासतात, त्यामुळे कडेवरची अक्षरं जवळजवळ गेली आहेत. तिरप्या उजेडात 'कूली', मग नुसतं पाळण्यातलं नाव आणि शेवटी 'एस अँड टी कोअर' एवढं लागतं. रंग तांबूस. (आत्या म्हणते, चांदीचं असतं तर केव्हाच मोडून खाल्लं असतं.) गावच्या शाळेच्या भिंतीत युद्धाची संगमरवरी पाटी आहे, पण तिच्यावर किती गेले आणि किती मेले एवढेच आकडे.

मग ते पलटणीत नव्हतेच का? आणि आता शोधायचं कुठे?

प्रतिसाद १
पदकानेच सांगितलंय की. ब्रिटिश वॉर मेडल शिपायांना चांदीचं मिळायचं. ब्राँझचं मिळालं ते हमाल आणि मजूर तुकड्यांतल्या लोकांना, म्हणजे ज्यांना फौज 'फॉलोअर' म्हणायची. एस अँड टी म्हणजे सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट, रसद आणि वाहतूक. तेव्हा मराठा पलटणींचा नाद सोडा.

यादीत आडनाव आणि पलटण दोन्ही रिकामं ठेवा. जादा माहितीच्या रकान्यात 'अमक्याचा मुलगा, राहणार अमुक' असं असतं, तिथे गावाचं आणि बापाचं नाव टाकून बघा. गोऱ्या कारकुनाने कानावर पडेल तसं लिहिलंय, त्यामुळे स्पेलिंग चार तऱ्हांनी फिरवा. तारीख ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत न्या, तिथवरचे मृत्यू आयोग युद्धातले धरतो. आजारी होऊन परत आले आणि इथे वारले असतील, तर नाव बसऱ्याच्या स्मारकाऐवजी दिल्लीच्या इंडिया गेटच्या यादीत असू शकतं.

नसलंच तर नवल नाही. निदान १,१६,००० मृतांची नावं कुठल्याच स्मारकावर आली नाहीत, हा आकडा ३,५०,००० पर्यंतही असू शकतो, हे आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात आहे. त्यात पूर्व आफ्रिका आणि इजिप्तचे लोक जास्त. पंजाबच्या तीन लाखांवर सैनिकांची रजिस्टरं लाहोरला सापडली, त्याची बातमी वाचून हुरळू नका, त्यात आपला मुंबई इलाखा नाही.

प्रतिसाद २
वगळलेलं नाव आयोग आजही घेतो, पण नोकरीचा आणि मृत्यूचा, दोन्हींचा पुरावा लागतो. पदकाने नोकरी सिद्ध होईल, मरण नाही. त्यासाठी महसूल दप्तर बघा. त्यांच्या नावावर गुंठाभर जरी जमीन असली, तरी वारस लावताना फेरफार झालाच असेल. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना ६ आणि वारस नोंदवही, म्हणजे ६-क, मागा, साधारण १९१६ ते १९२५. 'अमुक इसम लढाईत मयत' असा शेरा मिळाला तर सोनं. कोतवाल बुकावर भिस्त ठेवू नका, त्यात गावात झालेले मृत्यू असतात.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. बापाच्या नावाने शोधल्यावर आमच्या तालुक्यातले तीन 'फॉलोअर' निघाले, एकाच्या गावाचं नाव आमच्या गावाशी अर्धवट जुळतं. जमीन सामायिक होती, म्हणजे फेरफार असणार. पण ते दप्तर मोडी लिपीत आहे म्हणे. रत्नागिरीकडे मोडी वाचून देणारं कोणी माहीत आहे का?